खिसा पाहिजे, तोपण दोन्हीकडं

एप्रिलमध्ये परीक्षा संपली त्या दिवशी संध्याकाळी लेकीनं जेवता जेवता सांगून टाकलं की ह्या सुट्टीत मी फुटबॉलला जाणार. वय वर्षं सात, दुसरीतनं तिसरीत चाललीय. कोल्हापुरात लेकरानं फुटबॉल खेळायचं म्हणणं ह्यात नवल काहीच नाही, इथं पेठापेठांच्या टीम आहेत, शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की अर्धं गाव तिकडं असतं, घरात तिचे दोन चुलतभाऊ खेळतात, तेच बघून हिला लागलंय. मी लगेच हो म्हटलं. क्लासच्या सरांनी फोनवर काय काय लागेल ते सांगितलं, गुडघ्यापर्यंत येणारी ढगळी हाफ पँट, सुती टी-शर्ट, आणि स्टडचे बूट आत्ताच नकोत पण बोटं पूर्ण झाकणारे, लेसचे, तळाला पकड असलेले बूट पाहिजेत. तिची स्वतःची एकच अट होती, पँटला खिसा पाहिजे, तोपण दोन्हीकडं.

मला वाटलं तासाभराचं काम आहे. सलग तीन रविवार गेले त्यात.

पहिल्या रविवारी राजारामपुरीत एका मोठ्या दुकानात गेलो. मुलांचं खाली, मुलींचं वर. वर गेलो तर समोर सगळं नेट, लेस, टिकल्या, फ्रिल. काउंटरवरची मुलगी चांगली होती बिचारी, ताई पार्टीवेअर दाखवू का डेली म्हणाली. म्हटलं खेळायला पाहिजे, हाफ पँट. तिनं आठ-दहा काढल्या. एकेक हातात घेऊन बघितली तर सगळ्या मांडीच्या वरच संपणाऱ्या, कापड इतकं पातळ की आतनं माझी बोटं दिसत होती, आणि खालच्या शिवणीला शोभेची लेस, जी बसली की मांडीला टोचणार. सात वर्षांच्या पोरीची हाफ पँट ही. मी नंतर घरातली टेप पर्समध्ये टाकूनच फिरले. मांड्यांच्या मधल्या शिवणीपासून खालच्या काठापर्यंत मुलींच्या पँटची लांबी दोन ते अडीच इंच, त्याच साइजच्या मुलांच्या पँटची सात इंच. दुकान कुठलंही असो, फार तर अर्ध्या इंचाचा फरक पडायचा.

त्यातल्या एका जीनच्या पँटला खिसे दिसले म्हणून लेक खूश झाली. दोन्ही बाजूंना व्यवस्थित खिशाची गोल शिलाई, कोपऱ्याला तांब्याची बटणं, सगळं होतं. तिनं हात घालायला बघितलं, बोटं आत जाईनात. परत एकदा नखानं उचकटून बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आई, हा खराब आहे, उघडतच नाही." तिला वाटलं पीस डॅमेज आहे, दुसरा मागूया. मी हातात घेऊन बघितलं तर आत पिशवीच नाही, नुसती वरनं शिलाई मारलेली, खिशाचं चित्र म्हणा ना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, फॅशन असती तशी ताई. आता सात वर्षांच्या पोरीला मी कसं समजावून सांगायचं की तुझा खिसा खोटा आहे आणि तो मुद्दाम खोटा शिवलाय?

टी-शर्टचंही तेच. पुढच्या बाजूला चमकीनं प्रिन्सेस लिहिलेलं, नाहीतर मोठ्या पापण्यांची मांजर. हिला डायनासोरची नावं तोंडपाठ आहेत, डायनासोरवाला बघूया म्हणून तीच माझा हात ओढत खाली घेऊन गेली, आणि खाली अक्षरशः सगळं होतं. डायनासोर, रॉकेट, जेसीबी. हाफ पँटी जाड सुती कापडाच्या, कमरेला इलास्टिक वर नाडीपण, बाजूला दोन खरे खिसे, मागं एक, शिवण दुहेरी. मुलींच्या पातळ पँटला साडेतीनशे, ही तीनशेच्या आत. तिनं एक राखाडी पँट उचलली आणि पहिलं काम काय केलं तर दोन्ही खिशात हात घालून कोपरापासनं हलवून बघितलं. चेहरा बघण्यासारखा होता.

तेवढ्यात सेल्समन आला. "दादाला घ्यायचं काय वहिनी?" म्हटलं नाही, हिलाच. "वहिनी, हे जेंट्स हाय की." सात वर्षांच्या पोरांच्या चड्डीला जेंट्स! म्हटलं असू दे, ट्रायल रूम कुठं आहे. तर तो हिच्याकडं बघून हसत म्हणाला, "काय गं, पोरगा हाईस व्हय तू?" त्याच्या मनात काही वाईट नसेल, गिऱ्हाइकाशी गंमत करतात तशी केली असेल, पण हिनं पँट तिथंच रॅकवर ठेवली आणि हात मागं घेतले. मी कितीही समजावलं तरी परत हात लावला नाही. रिकाम्या हातानं घरी आलो.

रात्री अंथरुणात तिनं विचारलं, "आई, पोरांचं घातलं तर मी पोरगा होतो काय?"

आता इथं बाहेरच्यांसाठी सांगायला पाहिजे, आमच्या कोल्हापूरकडं बायका-पोरीपण मी येतो, मी जातो, मी जेवलो असंच बोलतात. मी इथं लिहिताना गेले, बघितलं असं नीट लिहितेय, पण घरात माझ्या तोंडातनं गेलो, आलो हेच येतं, माझ्या आईच्या तोंडातनंही तेच यायचं. पुण्याची नणंद आली की ह्यावरनं चिडवते. तर ज्या गावात स्वतःबद्दल बोलताना पोरगा आणि पोरगी हा फरक आम्ही धरत नाही, त्या गावात माझी लेक "मी होतो काय" असं विचारतेय आणि विचारतेय कशाबद्दल तर चड्डीच्या खिशाबद्दल. मला त्या रात्री खूप वेळ झोप आली नाही.

सकाळी सासूबाईंना सांगितलं. मला वाटलेलं त्या म्हणतील कशाला फुटबॉल आणि कशाला चड्डी. त्या शेंगा फोडत बसलेल्या, म्हणाल्या, "माझ्या आईचं लुगडं बघितलं असतंस तर कळलं असतं. कासोटा घालून उसात भांगलायची, झाडावर चढायची. पैसं कनवटीला, शेंगा वट्यात, कमरंला चंची. दोन्ही हात कायम मोकळं." आणि मग लेकीकडं बघून, "बाईमाणसाला ठेवायला जागा नको व्हय? घे गं तू खिसा." हे ऐकून मला इतकं बरं वाटलं ना. कारण मी इतके दिवस समजत होते की पोरीच्या कपड्याला खिसा मागणं म्हणजे काहीतरी नवीन मागणं आहे. उलट आहे. आमच्या पणज्यांच्या नऊवारीत ढांगा टाकायला मोकळीक होती आणि चार वस्तू ठेवायची सोय होती, ती सोय आमच्या पोरींच्या रेडिमेड कपड्यात येईपर्यंत कुठंतरी गळून पडली.

दुसऱ्या रविवारी गांधीनगरला गेलो. कोल्हापूरच्या लोकांना सांगायला नको, कापडाचं होलसेल मार्केट, लग्नाचा बस्ता असो का दिवाळीची खरेदी, सगळं तिकडं. जाताना कावळा नाक्याला सिग्नलला थांबलो तर ही गाडीवर मागं बसून ताराराणीच्या पुतळ्याकडं बघत होती, घोडा पुढचे पाय उचललेला, महाराणी वर तलवार घेऊन. रोजचा रस्ता, रोजचा पुतळा. त्या दिवशी विचारलं, "आई, ती फ्रॉक घालून बसलीय का?" म्हटलं नाही गं, लुगडं नेसलीय, काष्टा घालून, म्हणून तर दोन्हीकडं पाय टाकून बसता येतंय. सिग्नल सुटेपर्यंत मी तिला सांगितलं की सन 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर ह्या बाईनं औरंगजेबाविरुद्ध लढाई चालू ठेवली, तेव्हा ती पंचविशीची होती. त्यावर ती काही बोलली नाही, पण गाडी सुटल्यावरही मान वळवून बघत होती.

गांधीनगरात बरेचसे व्यापारी एकेक पीस देत नाहीत, डझनावर किंवा सेटवर देतात. एका काकांच्या दुकानात गर्दी कमी होती, मी सरळ विचारलं की काका, मुलींच्या पँटला खिसा का नसतो? त्यांनी चहा मागवला आणि नीट सांगितलं, मला ते आवडलं. म्हणाले, होजिअरी माल बराचसा तिरुपूरचा येतो, जीन्स उल्हासनगर नाहीतर बळ्ळारीच्या, आम्ही इथं काय शिवत नाही, जे खपतं ते मागवतो. खिसा म्हणजे आतलं जास्तीचं कापड, कटिंग, दोन-तीन जादा शिलाया, कारागिराचा वेळ. हजारो पीसला हे पैसे मोजले जातात. मुलींच्या मालात तेच पैसे लेस आणि चमकीला घातले की पीस टांगल्यावर लांबनं दिसतो आणि भावपण वर जातो. "मुलाची आई कापड ओढून बघते, मुलीची आई अंगाला लावून बघते," असं ते म्हणाले. मला हे टोचलं. कारण खरं आहे. मीच तिच्या पहिल्या दुसऱ्या वाढदिवसाला असले फ्रॉक घेतलेत जे घालून ती दहा मिनिटांत रडायला लागायची, आतनं नेट टोचून तिच्या कमरेला लाल वळ उठायचे आणि मी फोटो झाले की काढते थांब म्हणायचे.

फ्रॉकवर किंवा गुलाबी रंगावर माझा राग नाही हेही सांगते. तिची पाण्याची बाटली गुलाबीच आहे, पाडव्याला परकर-पोलकं तीच मागून घालते आणि छान दिसते. माझं म्हणणं एवढंच आहे की सणाचं कापड सणाला असावं. धुळीत पडायला, झाडावर चढायला, गुडघे टेकून गोट्या खेळायला जे लागतं ते पोरीच्या मापात कोणीतरी ठेवावं ना. आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला नेमबाजीत वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मिळवलं, राही सरनोबतनं 2018 च्या एशियन गेम्समध्ये, त्यांचा केवढा अभिमान आहे आम्हाला. आणि त्याच गावात सात वर्षांच्या पोरीला पळायची चड्डी मिळत नाही.

बुटांनी तर जास्त त्रास दिला. कपड्याचं निदान शिवून घेता येतं, बूट काय करणार?

मुलींच्या शेल्फवर एकतर बेली, नाहीतर चमकीचे बूट. एक जोड हातात घेऊन खाली ठेवला तर तळहातभर चमकी. तळवा असा की दोन बोटांनी दुमडला जातो, खालनं गुळगुळीत, एक नक्षीपण नाही. आणि पुढनं निमुळता. तिच्या पायाची बोटं पसरट आहेत, माझ्यासारखी, त्यामुळं प्रत्येक बूट घातला की "आई चावतंय." दुकानदार म्हणणार एक साइज मोठा घ्या. मोठा घेतला की टाचेतनं निघतो. ह्या चक्रात दोन दुकानं झाली. मग मी घरी येऊन तिचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखला, दुपारनंतर आखायचा असतो, दिवसभर चालून पाय थोडा फुगतो, आणि तो आकार कात्रीनं कापून पिशवीत टाकला. पुढच्या दुकानात बूट घालून बघायच्या आधी तो कागद आत सरकवायचा. मुलींच्या बारा नंबरमध्ये कागदाची करंगळीकडची कड दुमडून वर आली. मुलांच्या बारा नंबरमध्ये सपाट बसला, पुढं अंगठ्याएवढी जागा शिल्लक ठेवून. नंबर तोच, कंपनी तीच, शेल्फ वेगळं.

पण लेक ऐकेना. सेल्समनचं ते वाक्य डोक्यात बसलेलं. निळा बूट बघून म्हणाली, हा पोरांचा आहे. शेवटी लक्ष्मीपुरीत एक छोटं दुकान आहे, मावशी स्वतः बसतात गल्ल्यावर, तिथं गेलो. त्यांनी पोरगा का पोरगी काहीच विचारलं नाही, विचारलं "खेळ कुठला?" ही म्हणाली फुटबॉल. मावशींनी तो कागद बघितला, खाली बसून पाय दाबून बघितला, आत जाऊन तीन जोड आणले, एक काळा, एक निळा, एक पिवळ्या पट्ट्याचा. हिनं हळूच विचारलं, "हे पोरांचे आहेत का?" मावशी लेस बांधता बांधताच म्हणाल्या, "फुटबॉलचे हायत. उभी ऱ्हा बघू, उडी मार." तिनं उडी मारली. परत मारली. दुकानाच्या बाहेर जाऊन पळून आली. पिवळ्या पट्ट्याचा घेतला. तीन आठवडे मी जे समजावत होते ते त्या बाईनं एका वाक्यात केलं, आणि खरं सांगते, मला रस्त्यात रडू आलं.

चप्पल लाइनलाही एक चक्कर झाली, पाहुण्यांसाठी पायताण घ्यायचं होतं. तिथंही छोट्या पोरींचं म्हणजे सोनेरी गोंडा आणि पातळ तळ, पोरांचं जाड. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सगळीकडं नाव झालंय, पण मला तिथल्या कारागिरांची एक गोष्ट फार आवडते, ते अजून पाय बघून करून देतात. एका काकांनी स्वतःहून सांगितलं की पोराचा जाड तळ घालून हिच्या मापात, मागनं पट्टा लावून देतो, आठ दिवसांनी या. आणि वर हेही सांगितलं की पावसात घालू नका, कातडं भिजलं की फुगतंय, जोड जाईल. माल विकायच्या आधी तो कधी वापरायचा नाही ते सांगणारा माणूस, मी दिवाळीत परत त्यांच्याकडंच जाणार आहे.

राहिली शाळा. यादीत लिहिलंय मुलांना लेसचे काळे बूट, मुलींना पट्ट्याचे, म्हणजे वरनं उघडे. कोल्हापूरचा जून-जुलैचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, वरनं उघड्या बुटात गेटपासून वर्गापर्यंत जाईतो पाणी भरतं, मोजे दिवसभर ओले, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. मागच्या वर्षी दोनदा झाल्या. शिवाय पीटीला पोरी पट्ट्याच्या बुटात पळतात आणि पोरं लेसच्या, मग पोरी हळू पळतात म्हणायचं. मी अर्ज दिला, सोबत अजून चार आयांच्या सह्या घेतल्या. पावसाळ्यात सगळ्यांनाच सँडल चालतील एवढं मिळालं, लेसच्या बुटाचं मीटिंगमध्ये ठेवू म्हणालेत. मीटिंग कधी आहे ते मी दर पंधरा दिवसांनी विचारते, आणि विचारत राहणार.

तर पँट. तिसऱ्या रविवारी शेवटी मंगळवार पेठेत आमच्या टेलरमामांकडं गेले. रेडिमेड आल्यापासनं त्यांच्याकडं शिवायला कोण जात नाही, फॉल-पिको आणि अल्टर एवढंच राहिलंय, माझी शाळेची पिनो त्यांनीच शिवलेली. मापाची वही उघडून म्हणाले, बोला. मी बोलायच्या आधी लेकच बोलली, "मला गुडघ्यापर्यंत पाहिजे, आणि दोन खिसे, खरे." मामांनी चष्म्यावरनं बघितलं. कंबर घेतली, सीट घेतली, लांबी घेतली. मग टेप गळ्यात टाकून तिच्यासमोर खाली वाकून म्हणाले, "मूठ कर बघू." तिनं मूठ केली. त्यांनी तिच्या मुठीभोवती टेप फिरवली, सैल, दोन बोटं आत जातील इतकी, आणि वहीत आकडा लिहिला. "खिशात हात जाऊन उपयोग नाही पोरी, मूठ बाहेर आली पाहिजे. आत काय धरलेलं असलं तर?" आणि मग "खोल किती?" तिनं स्वतःच्या मांडीवर बोट ठेवून दाखवलं, इथपर्यंत.

खाकी ड्रिलच्या दोन शिवल्या, कापडासकट पाचशे ऐंशी रुपये झाले, आणि मामांनी उरलेल्या कापडातनं खिशाच्या कोपऱ्यांना आतनं तुकडे लावले, फाटू नये म्हणून. तिचे तीन जुने फ्रॉक पण नेऊन दिले, शिवण उसवून बाजूला खिसे बसवून आणले, एकाचे तीस रुपये. आता आमच्या गल्लीतल्या दोन आया त्यांच्याकडं फ्रॉक घेऊन गेल्यात.

परवा मशीन लावायच्या आधी ती खाकी पँट उलटी केली तर डाव्या खिशातनं सात चिंचोके, एक तुटलेली लेस आणि दोन रुपये निघाले, उजव्या खिशात मैदानावरची माती आणि चपटा काळा दगड. चिंचोके आणि पैसे मी टेबलावर ठेवले, दगड फेकणार होते, तर ती पळत आली, म्हणाली, "तो राहू दे, मी तो पेनल्टीच्या आधी धरतो."